गिअरबॉक्सवाल्या सुलूताई

सुलूताई पहिल्यांदा बोलल्या त्या माझ्या गाडीशी. जर्मनीत हाइलब्रॉनमधल्या आमच्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम नुकताच संपला होता आणि हॉलबाहेर थंडीनं सगळ्यांची पळापळ चालली होती. मी गाडी सुरू केली, गिअर 'डी'वर टाकला आणि गाडीनं नेहमीसारखा धाडकन हिसका दिला. लगेच कुणीतरी काचेवर टकटक केलं. बाहेर अंजिरी इरकल नेसलेली, ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई वाकून उभी होती. एका हातात फराळाच्या रिकाम्या डब्यांची पिशवी. मी काच खाली केली, तर तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॅशबोर्डकडे बघून मायेनं म्हणाली, "काय गं बाई, कोण त्रास देतंय तुला?"

"मला?" मी गोंधळून विचारलं.

"तुला नव्हे गं, हिला. पुन्हा पी टाक बघू. आता डी. ऐकलंस? उचकी लागलीय बिचारीला. तेल कधी बदललंस हिचं?"

"सर्व्हिसिंग वेळेवर करते मी."

"ते इंजिनाचं. गिअरबॉक्सचं विचारतेय."

गिअरबॉक्सला वेगळं तेल असतं हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी आरसा नीट करू लागले.

"पुणेकरीण ना तू?"

"हो. कसं ओळखलंत?"

"काहीच चुकलं नसल्यासारखा चेहरा केलास की!" असं म्हणून त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या गाडीत बसणारे एक जर्मन आजोबा टोपी काढून आमच्याकडे बघून हसले. "शनिवारी घेऊन ये तिला. तूही आलीस तरी चालेल."

हाइलब्रॉन-नेकारसुल्मच्या त्या टापूत राहणाऱ्या मराठी माणसांपैकी निम्मी गाड्यांवरच जगतात. कुणी ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो, कुणी दिव्यांचं. मी स्वतः गाडीतल्या पडद्यावरच्या नकाशांचं काम करत होते. पण आमच्यापैकी कुणाचेच हात कधी काळे झाले नव्हते. त्यामुळे सुलभा घोरपडे नावाची सांगलीची बाई गावाबाहेरच्या गेवर्बेगेबीटमध्ये, म्हणजे तिथल्या एमआयडीसीत, फरशांचं दुकान आणि नाचाचा क्लास यांच्या मधोमध, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करण्याचं वर्कशॉप चालवते, हे ऐकून होतो तरी कुणाचा चटकन विश्वास बसत नसे. टायर बदलून मिळणार नाही, काच बसवून मिळणार नाही. "आमच्याकडे एकच देव," त्या म्हणायच्या.

शनिवारी माझी गाडी लिफ्टवर चढली. सुलूताई निळ्या डगल्यात, केसांना रुमाल बांधून खाली उभ्या राहिल्या. त्यांनी बोल्ट सैल केला, तेलाचे चार थेंब तळहातावर घेतले, बोटानं चोळले, डोळे मिटले आणि हुंगले. मी श्वास रोखून उभी. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून गप्प होतो तेव्हा असं होतं.

"करपलं नाही," डोळे उघडून त्या म्हणाल्या. "नुसतं थकलंय. वाचलीस."

'आधी तेल, मग बोल' हा त्यांचा नियमच होता. गिऱ्हाईक आलं की त्याची कहाणी त्या ऐकून घेत नसत. आधी तेल बघायचं, हुंगायचं आणि मग त्या माणसासमोर स्टूल ओढून बसायचं. "आल्झो, आता खरं सांगा. ट्रेलर ओढलात ना?" समोरचा दाढीवाला जर्मन गडी लहान मुलासारखा मान खाली घालायचा. "गाडी खोटं बोलत नाही गं," त्या मला मराठीत सांगायच्या, "मालक बोलतो."

त्या या धंद्यात कशा आल्या, हे त्यांनी मला तुकड्यातुकड्यांत सांगितलं. सांगलीत डिप्लोमा झाला होता. लग्न होऊन दीपकरावांबरोबर जर्मनीला आल्या. दीपकराव सॉफ्टवेअरमधले, स्वभावानं इतके शांत की ते खोलीत आहेत हे कधीकधी त्यांनाच आठवत नसावं. त्यांनी घेतलेली पहिली जुनी गाडी ऑटोबानवर बसली आणि मेकॅनिकनं गिअरबॉक्स भंगारात टाकायला सांगितला. सुलूताई म्हणाल्या, भंगारातच टाकायचा तर मला द्या. इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला एक कोठी असते, तिथं सायकली आणि बटाट्यांच्या शेजारी वर्तमानपत्रं पसरून त्यांनी तो उघडला. "उघडला, आणि मी प्रेमातच पडले बघ," त्या सांगायच्या. "चक्रात चक्र, त्याच्याभोवती आणखी तीन चक्रं, सगळी एकमेकांचा हात धरून फिरणारी. आणि कुणी कुणाला तोडत नाही. असं घर बघितलंयस कुठं?" शेजाऱ्यांनी तेलाच्या वासाची तक्रार केली. कोठी रिकामी करावी लागली. तेव्हा त्या जर्मन शिकल्या, चाळिशीत विशीतल्या पोरांबरोबर बाकावर बसून मेकॅनिकचं शिक्षण घेतलं, मग त्याच्या वरची परीक्षा दिली. हे सगळं त्या एका दमात सांगायच्या, जणू बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन आल्या.

वर्कशॉपच्या मागं काचेची एक खोली होती. तिला त्या 'सोवळ्याची खोली' म्हणायच्या. गिअरबॉक्समध्ये व्हॉल्व्ह बॉडी नावाचा एक धातूचा ठोकळा असतो, त्यात मुंग्यांच्या वारुळासारख्या वाटा. त्यातून तेल पळतं आणि कुठला गिअर कधी लागायचा ते ठरवतं. त्या वाटेत लोकरीचा एक धागा अडकला तरी गाडी रुसते. म्हणून त्या खोलीत स्वेटर, शाल, मफलर, सगळ्याला बंदी. आणि दारावर राखणीला बसायच्या त्यांच्या सासूबाई, माई.

माई ऐंशीच्या पुढच्या. सून कामावर गेली की घरात करमत नाही म्हणून रोज डबा घेऊन वर्कशॉपवर यायच्या आणि दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. जर्मनचा एक शब्द येत नव्हता, लागतही नव्हता. एकदा एक मोठे साहेब आपली महागडी गाडी कशी खोलली आहे ते बघायला उंची लोकरी कोटासकट आत निघाले. माईंनी काठी आडवी केली.

"कोट काढा."

साहेब जर्मनमध्ये काहीतरी नम्रपणे बोलले.

"ते मला सांगू नका. कोट काढा."

साहेबांनी कोट काढला. माईंनी आतल्या स्वेटरकडे काठी नेली. त्यांनी तोही काढला. शेवटी ते बनियनवर, थंडीनं कुडकुडत आपल्या गिअरबॉक्ससमोर हात जोडल्यासारखे उभे राहिले. सुलूताई आतून ओरडल्या, "अहो माई, एवढं नको!" माई म्हणाल्या, "देवासाठी कधी सोवळं पाळलं नाही मी. इथं तरी नीट होऊ दे."

पण त्या वर्कशॉपचा खरा सोहळा असायचा ट्रायलचा. गिअरबॉक्स पुन्हा बसला, तेल भरलं, की सुलूताई हात धुऊन हाक मारायच्या, "चला रे, कोण कोण येतंय?" हजर असेल तो गाडीत कोंबला जायचा: मालक, माई, मी असले तर मी, एकदा तर नाचाच्या क्लासमधल्या टँगो शिकवणाऱ्या बाई. द्राक्षमळ्यांच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्याला लागलं की सुलूताई रेडिओ बंद करायच्या, एक हात हवेत धरायच्या आणि सुरू व्हायच्या: "दुसरा... आला! तिसरा... ये बाळा, ये... आला! कळला तुम्हाला? नाही ना कळला? नाहीच कळायला पाहिजे! चौथा!" प्रत्येक गिअरला त्या स्टिअरिंगवर थाप मारायच्या. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत मागच्या सीटवरचे सगळे, मराठी न कळणारा मालकसुद्धा, एका सुरात "आला!" म्हणून ओरडायला लागायचे. वरच्या गिअरला पोचलं की टाळ्या. ही बाई गाडी चालवतेय की डोहाळजेवण करतेय तेच कळायचं नाही.

त्या चुकायच्या नाहीत असं मात्र नाही. चुकायच्या त्याही दणक्यात.

आमच्या ऑफिसात अनिकेत नावाचा मुलगा होता. पुण्याचाच, नुकताच आलेला, पहिलीच गाडी, तीही जुनी. वळणावर मागून 'गडग टक' असा आवाज यायचा. सुलूताईंनी एक चक्कर मारली, चेहरा गंभीर केला आणि टॉर्क कन्व्हर्टर गेला असं जाहीर केलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा तो तेलानं भरलेला गोल डबा. "गेला म्हणजे गेलाच. मी आवाजावरून सांगते." गिअरबॉक्स उतरवला, खोलला. आतलं सगळं लखलखीत. कन्व्हर्टर उत्तम. सुलूताईंनी प्रत्येक चक्र उजेडात धरून पाहिलं. चार दिवस त्या तीच चक्रं उलटसुलट करत राहिल्या. शेवटी सगळं स्वच्छ करून, नवी सील टाकून पुन्हा बसवलं आणि ट्रायलला निघालो. अनिकेत पुढं, माई आणि मी मागं. पहिल्याच वळणावर: गडग, टक.

सुलूताईंनी गाडी थांबवली. मग माईंनी विचारलं, "काय रे बाळा, गाडीची पूजा केली होतीस का?"

"हो आजी. घेतली त्या दिवशी."

"नारळ फोडलास?"

अनिकेत आठवू लागला. "नाही... इथं पार्किंगमध्ये फोडायचा कसा म्हणून नुसता वाहिला. मग मागं ठेवला."

डिकीतला गालिचा उचलला. स्टेपनीच्या खळग्यात, हळदकुंकू लावलेला, सुकून खडखडीत झालेला नारळ आरामात लोळत होता.

सुलूताई रस्त्याच्या कडेला गवतात बसल्या. आधी मला वाटलं त्यांना रडू आलं. त्या हसत होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, रुमाल सुटला, एका हातानं त्या नारळ पोटाशी धरून बसल्या आणि दुसऱ्या हातानं आम्हाला, थांबा, बोलू नका, असं खुणावत राहिल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं थांबून काही मदत हवी का विचारलं. त्यांनी नारळ उंच करून दाखवला आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, "टॉर्क कन्व्हर्टर!" तो बिचारा मान डोलावून पुढं गेला. नंतर कुठल्याही समारंभात त्या स्वतःच ही गोष्ट सांगायच्या आणि दर वेळी सायकलवाल्याची अ‍ॅक्टिंग अनिकेतकडून करून घ्यायच्या.

एवढ्या बोलक्या या बाईला गप्प करू शकेल असं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची मुलगी ऋचा.

ऋचा जर्मनीतच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. आई-मुलीचं भांडण ऐकणं हा एक अनुभव होता, कारण एक बाजू सांगलीची आणि दुसरी श्वाबिश, म्हणजे तिथल्या बोलीतल्या जर्मनची. तिला आईचा अभिमान होता की नाही सांगता येत नसे. शाळेच्या पालकसभेत आईनं मुख्याध्यापकांच्या गाडीखाली वाकून पाहिलं होतं, हे ती अजून विसरली नव्हती. ती न्युरेम्बर्गला नोकरी करत होती आणि तिथंच संशोधन करणाऱ्या योनासशी तिचं लग्न ठरलं. योनास आमच्याच भागातल्या एका द्राक्षमळेवाल्या गावचा. आणि त्या घरात होते ओपा राइनहोल्ड, योनासचे आजोबा, आणि ओपांची जुनी, साईच्या रंगाची, लांबलचक गाडी. ऑटोमॅटिक.

त्या घरातली प्रत्येक नवरी गावच्या चौकातून टेकडीवरच्या जुन्या केल्टरपर्यंत, म्हणजे पूर्वी द्राक्षं गाळायचे त्या हॉलपर्यंत, त्या गाडीतून जायची. ओपा स्वतः चालवायचे. साखरपुड्याच्या कॉफीला आम्ही गेलो तेव्हा ओपांनी मोठ्या अभिमानानं गाडी दाखवली. सुलूताईंनी विचारलं, तेल बघू का? ओपा हो म्हणायच्या आतच त्यांनी बॉनेटखालची सळई ओढून हुंगली होती.

"करपलंय," त्या म्हणाल्या. मग जर्मनमध्ये म्हणाल्या. "ओपा, हा गिअरबॉक्स लग्नापर्यंत टिकायचा नाही. मला पंधरवडाभर द्या."

ओपा हसले. "फ्राऊ घोरपडे, या गिअरबॉक्सला कधीच कुणी हात लावलेला नाही. म्हणून तर तो चालतोय."

"अहो, पण..."

"मामा, बिटं!" ऋचा आईला विनवत म्हणाली. मग आईला बागेत नेऊन तिनं वचन घेतलं. ते सगळं मला खिडकीतून दिसत होतं: ऋचाचे हलणारे हात, सुलूताईंची हळूहळू खाली जाणारी मान. वचन काय ते नंतर कळलं: माझं लग्न होईपर्यंत गिअरबॉक्स हा शब्द उच्चारायचा नाही. एकदाही नाही. मला एक दिवस साधी आई पाहिजे.

सुलूताईंनी ते वचन पाळलं, आणि पाळताना त्यांचे जे हाल झाले ते बघवत नव्हते. शालू खरेदी करताना, मेनू ठरवताना, केळवणाच्या पंगतीत त्या मध्येच तोंड उघडायच्या, "गि..." म्हणायच्या आणि पाणी प्यायच्या. "गिफ्टचं काय ठरलं?" असं काहीतरी वळवून न्यायच्या. दीपकराव मला फोनवर म्हणाले, "घर इतकं शांत झालंय की मला बोलावं लागतंय."

लग्नाचा दिवस उजाडला तो स्वच्छ उन्हाचा. श्टान्डेसाम्टमध्ये, म्हणजे लग्न नोंदवायच्या कचेरीत, सह्या झाल्या. योनास, भटजी आणि पाहुण्यांचा मोठा भाग वर केल्टरमध्ये जाऊन थांबला. वैदिक लग्न तिथं होतं. खालून वरात निघाली. पुढं गावचा बँड, लाल जाकिटं, ट्रंपेट, ढोल आणि एक प्रचंड टूबा. त्यामागं ओपांची गाडी. स्टिअरिंगवर ओपा, शेजारी माई, मागं शालूतली ऋचा. आणि त्यामागं चालत आम्ही सगळे, पैठणीतल्या सुलूताई माझ्या शेजारी. चढ सुरू झाला तसा त्यांनी माझा दंड धरला.

"ऐकतेयस?" त्या पुटपुटल्या.

"बँड?"

"बँडच्या खालचं."

मला काही ऐकू येईना. पण त्यांच्या नखांवरून गाडीच्या आत काय चाललंय ते कळत होतं. मळ्यांमधली वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी बांध. अर्ध्या चढावर इंजिन एकदम मोठ्यानं किंचाळलं आणि गाडी पुढं जाईना. ओपांनी गिअर काढला, टाकला, काढला, टाकला. इंजिन नुसतं भणाणत राहिलं. गाडी थोडी मागं घसरली. ओपांनी ब्रेक दाबला आणि बँड एकेक वाद्य करत बंद पडला. सगळ्यात शेवटी टूबा.

ओपा खाली उतरले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एवढ्या सगळ्या नवऱ्या वर नेल्या, आणि ही राहिली. त्यांच्या गुडघ्यांना तो चढ झेपणार नव्हता, माईंनाही नाही. वर मुहूर्त जवळ येत चाललेला.

आणि सगळे, अगदी सगळे, सुलूताईंकडे वळले.

त्या जागच्या हलल्या नाहीत. दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून, ओठ मिटून, गाडीच्या काचेतून मुलीकडे बघत उभ्या राहिल्या. वचन ते वचन. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

ऋचानं काच खाली केली. आईचा तो चेहरा पाहिला आणि तिला हसू फुटलं. मुंडावळ्या हलायला लागल्या इतकं. आणि मग ती मराठीत, माझ्या ऐकण्यात पहिल्यांदाच सरळ मराठीत, म्हणाली, "आई, बोल! बोल आता!"

"गिअरबॉक्स!" सुलूताई ओरडल्या. टेकडीवरचे पक्षी उडाले असतील. "गिअरबॉक्स, गिअरबॉक्स, गिअरबॉक्स! पुढच्या गिअरचा क्लच गेला! सांगत होते मी! ओपा, चावी!"

ओपांनी चावी दिली. पैठणीचा पदर खोचून त्या आत बसल्या, गिअर 'आर'वर टाकला, आतून गिअर लागल्याचा हलका ठोका आला, आणि गाडी मागच्या बाजूला पावलाभर अलगद, गुणी बाळासारखी सरकली.

"रिव्हर्स जिवंत आहे!" खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी जाहीर केलं. "त्याचा क्लच वेगळा असतो. पुढचे सगळे गेले, हा आहे. आपण उलटं चढायचं!"

आधी गाडी रिव्हर्समध्ये हळूहळू खाली, ट्रॅक्टर वळतात त्या रुंद जागेपर्यंत आणली. तिथं तिचं तोंड उताराकडे फिरवायचं होतं, पण पुढचा गिअर नाही. सुलूताईंनी बँडकडे पाहिलं. "आल्झो, मंडळी! मागं जायचं ते गाडीचं काम, पुढं जायचं ते तुमचं!" लाल जाकिटवाल्यांनी वाद्यं बांधावर ठेवली आणि ढकलायला लागले. गाडी थोडी पुढं ढकलायची, रिव्हर्समध्ये थोडी मागं घ्यायची, पुन्हा ढकलायची. दीपकराव घाम पुसत, "जोर लगा के" म्हणत होते आणि ट्रंपेटवाला शक्य तितक्या अचूक उच्चारात "हैश्या" म्हणत होता. गाडी वळली. तिचं तोंड दरीकडे, पाठ केल्टरकडे.

आणि वरात निघाली. गाडी उलटी, पण दिशा बरोबर. सुलूताई मान मागं वळवून, एक हात सीटच्या पाठीवर टाकून चालवत होत्या. ऋचा मागच्या सीटवर उलटी गुडघ्यांवर बसली होती आणि मागच्या काचेतून, जी आता पुढची झाली होती, राणीसारखा हात हलवत होती. माई पुढच्या सीटवर बसून मागं राहिलेलं गाव बघत म्हणाल्या, "हे बरं आहे. जातोय कुठं त्याची काळजी नाही." बँड गाडीपुढं, म्हणजे डिकीपुढं, वाजवत होता.

"टूबावाल्याला बाजूला घ्या!" सुलूताई ओरडत होत्या. "मला नुसता टूबा दिसतोय!"

टूबावाला बांधावर चढला आणि तिथून, द्राक्षांच्या वेलींमधून, वाजवत चालत राहिला. ओपांना त्यांच्या दोन नातवांनी हातांची खुर्ची करून उचललं होतं आणि ते वरून, भरलेल्या डोळ्यांनी, "लिंक्स, लिंक्स!" म्हणून डावीकडे घ्यायला सांगत होते. आणि मागून आम्ही सगळे पाहुणे, भरजरी साड्या आणि टाय, हसून हसून चालता येत नाही अशा अवस्थेत, त्या गाडीच्या नाकासमोर, तिच्या दिव्यांकडे बघत चढ चढत होतो.

केल्टरच्या दारात योनास आणि भटजी उभे होते. गाडी पाठीमागून येऊन बरोबर पायरीपाशी थांबली. भटजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "शास्त्रात याला काही हरकत नाही."

मुहूर्त साधला. मंगलाष्टकं झाली. वर पोचताच तेलाची सळई ओढून हुंगल्याशिवाय राहवलं नव्हतं, त्यामुळे अक्षता टाकताना सुलूताईंचे तळवे काळे होते आणि ऋचाच्या शालूवर, खांद्याशी, एक पूर्ण पंजा उमटला होता. ऋचानं तो धुतला नाही. म्हणजे लाँड्रीवाल्यानं विचारलं, काढू का, तर नको म्हणाली.

तो गिअरबॉक्स नंतर सुलूताईंनी अर्थातच उघडला. पुढच्या क्लचचं रबरी सील लाकडासारखं कडक झालं होतं, प्लेटा कोळशासारख्या. ओपा रोज येऊन माईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे, अंगात फक्त सुती शर्ट. त्या दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, तरी सतत बोलायचे. आणि एका शनिवारी मी गेले तर सोवळ्याच्या खोलीत ऋचा होती. केसांना रुमाल बांधून, हातात एक नवी क्लच प्लेट तेलात भिजवत. "आई, ही कशी बसते? अशी की अशी?" सुलूताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आधी तिच्या रुमालाची गाठ घट्ट केली आणि प्लेट फिरवून दाखवली.

पुढं ऋचाला दिवस गेले तेव्हा घोरपडे कुटुंब न्युरेम्बर्गला गेलं. हाताखाली तयार झालेल्या दोघांकडे वर्कशॉप सोपवून सुलूताई तिथल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सच्या विभागात लागल्या. विजेच्या गाड्यांना असला गिअरबॉक्सच नसतो, मग पुढं काय, असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "अगं, जुन्याच इतक्या आहेत की माझं आयुष्य पुरायचं नाही. आणि चक्र कुठं ना कुठं असतंच की."

माझं पुण्याला परतायचं ठरलं तेव्हा निरोप घ्यायला गेले. बाळ माईंच्या मांडीवर झोपलं होतं. सुलूताई म्हणाल्या, घरात बसून काय निरोप घ्यायचा, जत्रा लागलीय, चल. गावातलं फोल्क्सफेस्ट ते. साखरेत घोळलेल्या बदामांचा वास, दिव्यांच्या माळा, सगळीकडे आरडाओरडा. साखळ्यांना खुर्च्या टांगलेला उंच पाळणा दिसताच त्या थबकल्या. त्याच्या मालकाशी काय बोलल्या कोण जाणे, पाच मिनिटांत त्यानं त्यांना खालचं लोखंडी झाकण उघडून दाखवलं आणि दोघं आत वाकून दातेरी चक्रांवर गप्पा मारायला लागले.

"गेनाऊ, गेनाऊ!" अगदी बरोबर, अगदी बरोबर, असा आतून त्यांचा आवाज येत होता.

मग आपली पर्स माझ्या हातात कोंबून त्या एका खुर्चीत जाऊन बसल्या. "तू चल की!"

"माझी ट्रेन आहे, ताई."

"मग बघ नुसती!"

पाळणा फिरायला लागला, वर गेला, खुर्च्या बाहेर झेपावल्या. सुलूताईंनी चपला काढून आधीच खाली फेकल्या होत्या. पंजाबी ड्रेसची ओढणी मागं झेंड्यासारखी, दोन्ही पाय पुढं ताणलेले. त्या माझ्यावरून जायच्या तेव्हा ओरडणं मोठं व्हायचं, पलीकडे गेल्या की बारीक, पुन्हा मोठं. घड्याळ बघून मी फाटकाकडे निघाले, वळून हात हलवला. इतक्या गर्दीत मी कुठल्या बाजूला आहे हे त्यांना वरून दिसत नसावं. म्हणून त्या फिरत फिरत सगळ्या बाजूंना हात हलवत होत्या, आणि खालची सगळी जत्रा, ओळख ना पाळख, त्यांना उलट हात हलवत होती.